आईच्या मापाची खुर्ची

माझ्या नातसुनेनं परवा घरात वेताचं सामान घ्यायचं ठरवलं आणि चक्क माझा सल्ला विचारला. या घरात माझा सल्ला लोणच्यातल्या मिठापलीकडे कुणी विचारत नाही, त्यामुळे मी जरा फुशारलेच. काठी टेकत तिच्याबरोबर दुकानात गेले. दुकानदार बिचारा गाद्यांचे रंग दाखवत होता, आणि मी खुर्ची उलटी करायला लावली. वेताची खुर्ची वरून बघायची नसते, खालून बघायची असते. सांध्यावर सालीचे वेढे घट्ट आहेत की नुसते खिळे मारून वर पट्टी चिकटवली आहे, पायांचा वेत भरीव आहे की आत बांबू घातलाय, पेरं लांब आहेत की तोकडी, हे सगळं खाली कळतं. मग बसून अंग इकडून तिकडे हलवायचं. खुर्ची कुरकुरली तर चालेल, कडकडता कामा नये. नातसून माझ्याकडे बघतच राहिली. "आजी, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, आईनं. "म्हणजे तुमच्या आईंना वेताच्या खुर्चीत बसायची आवड होती?" तिनं सहज विचारलं. मी दुकानदाराला किंमत विचारायला लागले. घरी आल्यावर दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी ही वही काढली. जी गोष्ट नवऱ्याला सांगितली नाही, मुलांना सांगितली नाही, ती आता कागदाला सांगते आहे. म्हातारपणी एवढा तरी धीर यायला हवा.

आम्ही मूळचे आंदर मावळातले. घरची भातशेती, पण आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, चार इयत्तांपुरतं इंग्रजी आलं आणि त्या जोरावर ते लोणावळ्याला रेल्वेच्या मालगाड्यांच्या कचेरीत कारकून झाले. बाजारपेठेच्या मागे दोन खोल्यांचं पत्र्याचं घर भाड्यानं घेतलं होतं. पुढं एक ओटी, आत स्वयंपाक. दिवसभर यार्डातले डबे एकमेकांवर आपटायचे, त्यानं फळीवरची भांडी किणकिणायची. आई म्हणायची, हितं भांडीसुदिक गप बसत न्हाईत. तिला लोणावळा कधी आपला वाटला नाही. चुलीवर नाचणीची भाकरी, खेकड्याचा रस्सा, आंबेमोहराची पेज, सगळं गावाकडचंच. बोलणंही गावाकडचंच. लावणी आली की ती रेल्वेनं कामशेतला उतरायची आणि तिथून डोंगर चढून गावी जायची. पंधरा दिवस चिखलात उभी राहायची आणि बोटांमध्ये चिखल्या घेऊन परत यायची. भावंडं नव्हती, मी एकटीच. लहानपणी तिला आये म्हणायची. शाळेत जायला लागल्यावर आई म्हणायला लागले. तिला तो फरक कळला होता, पण ती कधी बोलली नाही.

आबांना कामानिमित्त बंगल्यांवर जावं लागे. मुंबईच्या धनिकांचे ते बंगले, आणि प्रत्येकाच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या. तिथं नवरा-बायको संध्याकाळी शेजारी शेजारी बसून चहा पितात, हे आबांनी पाहिलं आणि ते त्यांच्या मनात घर करून बसलं. दुसऱ्यांना बंगला हवासा वाटला असता, आबांना फक्त त्या दोन खुर्च्या हव्याशा वाटल्या. बंगल्यांच्या खुर्च्या दुरुस्त करणारे एक उस्मानचाचा होते. त्यांच्याकडे आबा मला घेऊन गेले. चाचांनी वेताची एक मोळी सोडली आणि एकेक काठी आबांच्या हातात दिली. "बाबूजी, आधी वाकवून बघा. ज्याची साल फुटते तो जुना. ज्याच्यावर नख उमटतं तो कच्चा." आबांनी अर्धा दिवस काठ्या वाकवल्या. मग खिशातून त्यांनी दोन सुतळ्या काढल्या. एक त्यांच्या गुडघ्यापर्यंतची. दुसरी बरीच आखूड होती. "ही कुणाची? मुलीची?" चाचांनी विचारलं. आबा लाजले. आई पाटावर बसून भाकऱ्या थापत असताना आदल्या दिवशी त्यांनी तिच्या पायाशी सुतळी धरली होती आणि तिनं पीठभरल्या हातानं त्यांना ढकललं होतं, "काय याड लागलं का तुमास्नी!" माझी आई अगदी बुटकी. बंगल्यातल्या खुर्चीत ती बसली असती तर पाय लोंबकळले असते. तिचे पाय जमिनीला टेकावेत एवढ्यासाठी आबांनी मुद्दाम ठेंगणी खुर्ची विणून घेतली.

दोन्ही खुर्च्या ओटीवर आल्या आणि आई दारात उभी राहून हसत सुटली. बसायचं मात्र नाव काढेना. आमच्याकडे बाईनं नवऱ्याच्या बरोबरीनं उंच बसायची रीत नव्हती. पाट झाला, फार तर उंबरा झाला. "अवो, लोक काय म्हनतील? कारकुनीन बाई मडमीन झाली म्हनतील." आबा म्हणाले, "म्हणू देत. तुझ्या मापाची आहे, दुसऱ्या कुणाला बसताच यायचं नाही." "मग ऱ्हाऊ द्या तशीच," असं म्हणून ती आत गेली. आबा रोज संध्याकाळी आपल्या खुर्चीत बसायचे आणि शेजारची रिकामी असायची. त्या खुर्चीवर कपड्याची घडी ठेवलेलीसुद्धा त्यांना खपत नसे.

बसत नसली तरी सांभाळायची मात्र जिवापाड. पहिल्याच पावसाळ्यात घोटाळा झाला. लोणावळ्याचा पाऊस म्हणजे चपलेला, पोथीला, पिठाला, सगळ्याला बुरशी. आषाढात खुर्च्यांवर पांढरी भुरी चढली. गावी दमट झालेली चीज चुलीवरच्या टांगत्या फळीवर ठेवतात, भात, टोपल्या, इरली, सगळं तिथंच वाळतं. आईनं आपली खुर्ची दोरीनं बांधून चुलीवर टांगली. बुरशी गेली, पण आठ दिवसांत खुर्ची धुरानं काळपट पडली आणि वेत इतका कोरडा झाला की एक पट्टी टचकन तुटली. आई रडकुंडीला आली. उस्मानचाचा आले, कपाळाला हात लावून म्हणाले, "भाभी, हा मासा नाही हो सुकवायला!" मग त्यांनी तिला सगळं शिकवलं. मिठाच्या पाण्यात फडकं पिळून पुसायचं, वाऱ्याला ठेवायचं, आगीपाशी नाही, कडक उन्हातही नाही. उन्हाळ्यात बैठकीच्या खालून पाणी शिंपडायचं म्हणजे वेत पुन्हा ताठ होतो. दिवाळीनंतर जवसाचं तेल. ओढायची नाही, उचलायची. आईनं हे मंत्रासारखं पाठ केलं. माझ्याकडूनही करून घेतलं. तिची खुर्ची मात्र जन्मभर काळपटच राहिली आणि तिला धुराचा वास येत राहिला. मला त्याची लाज वाटायची.

त्यापुढच्या वर्षी लावणीहून ती परत आली ती कंबर धरूनच. पाटावर बसली तर उठता येईना. आबांनी पुढचं दार लावलं, कडी घातली, आणि म्हणाले, "आता कोण बघतंय? बस." मी आत अभ्यास करत होते. डोकावून बघितलं तर आई खुर्चीच्या अगदी कडेला, कुणी हाकलून देईल अशी, बसली होती. मग हळूहळू मागं टेकली. पाय बरोबर जमिनीला टेकले. "बया!" एवढंच म्हणाली. आबांचा तेव्हाचा चेहरा मला आजही दिसतो. त्यानंतर रोज संध्याकाळी कडी लावून ती घटकाभर बसायला लागली. काही महिन्यांनी कडी राहिली, दार नुसतं लोटलेलं. मग अर्धं उघडं. पुढच्या दिवाळीपर्यंत आमचं दार सताड उघडं असायचं आणि माझी आई ओटीवर, सगळ्या रस्त्यासमोर, आबांच्या शेजारी बसून तांदूळ निवडायची. येणारी-जाणारी बघायची, कुजबुजायची. आई मान खाली घालायची, पण उठायची नाही. हे करायला तिला तीन वर्षं लागली होती. मी ते एका वाक्यात मोडलं.

मुलींच्या शाळेत मी सातवीला होते. आमच्या बाई पुण्याच्या, नऊवारी चापूनचोपून नेसणाऱ्या, बोलणं एकदम शुद्ध. मी त्यांच्यावर इतकी लुब्ध होते की त्यांच्यासारखी मान वळवायचा सराव करायची. एका रविवारी बाई बाजारात भेटल्या, म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना भेटायला येते. तुला पुढं पुण्याला पाठवायला हवं." आनंदानं माझे पाय जमिनीवर ठरेनात. त्यांना घेऊन मी घराकडे निघाले, आणि वळणावर आल्यावर पुढं पळत गेले. ओटीवर आबा आणि आई. आईच्या मांडीत सूप, पदर खांद्यावरून सरकलेला, पायाला चिखल्यांचे वण. आणि ती काळपट खुर्ची. घरात बसायला त्या दोन खुर्च्यांशिवाय दुसरं काही नव्हतं.

"आई, ऊठ ना! बाई आल्यात. त्या काय जमिनीवर बसणार?"

आबा उठायला लागले होते. आपली खुर्ची ते देणारच होते, हे मला दिसत होतं. पण त्याआधीच आई उठली. मांडीतलं सूप खाली ठेवलं, पदर डोक्यावर घेतला, त्याच पदराच्या टोकानं खुर्ची पुसली आणि आत गेली. बाई आल्या, नमस्कार झाले. त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांचे गुडघे वर आले. बाई हसून म्हणाल्या, "अगंबाई, ही तर लहान मुलाची खुर्ची दिसते!" आता खरं काय ते मी सांगायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं, आईची आहे. त्याऐवजी मी म्हणाले, "हो, माझी आहे. लहानपणी आबांनी केली होती."

आबांनी माझ्याकडे बघितलं. दारात आई चहाचे कप घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं बाईंना चहा दिला, मला दिला, आबांना दिला. बाईंनी विचारलं, "मुलीला पाठवणार ना?" तेव्हा आबांच्या आधी आईच म्हणाली, "पाटवू की. लय हुशार हाय आमची यमी. तिला तुमच्यावानी करा."

बाई गेल्या. आबांनी विचारलं, "यमे, खुर्ची कुणाची?" मी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिले. आई चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "तिचीच हाय. बोललीया न्हवं पोर? आता ती मास्तरीन व्हनार, तिला नगं व्हय खुर्ची? मला काय, माझा पाट बरा." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते. तिनं माझं खोटं पदरात घेतलं आणि त्याचं खरं करून टाकलं.

त्या दिवसापासून ती खुर्ची यमीची झाली. आई परत तिच्यात बसली नाही. आबांनी समजावलं, चिडले, एकदा जेवणावरून उठून गेले. ती म्हणायची, "अवो, पोरीची चीज हाय." मी पुण्याला शिकायला गेले. आबांच्या पत्रात खाली एक ओळ आईची असायची, ती सांगायची आणि आबा लिहायचे. तुझ्या खुर्चीला मिठाचं पाणी लावलं. तुझ्या खुर्चीला तेल दिलं. तुझी खुर्ची वाऱ्याला ठेवली होती. मी सुट्टीत आले की ती पदरानं खुर्ची पुसायची, "बस, दमली अशील," म्हणायची आणि स्वतः समोर उभी राहून मला निरखायची. मला ती खुर्ची होत नव्हती, पाठीला रग लागायची. तरी मी बसायची. तेव्हा बोलता आलं असतं. दर सुट्टीत बोलता आलं असतं. पण खरं लिहायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. आपण खुर्चीत आणि आई उभी, यात काही चुकतंय असं मला वाटेनासं झालं होतं. 

दुसऱ्या वर्षी आबांचं पत्र आलं, ताबडतोब ये. त्यात आईची ओळ नव्हती.

आईच्या पायांवर सूज चढली होती. छाती भरून आली होती, आडवं झालं की जीव घुसमटायचा. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की हिला झोपवू नका, बसतं ठेवा, पाठीला आधार द्या, पाय खाली राहू देत. घरात तिच्या मापाची, तिच्याचसाठी विणलेली खुर्ची होती, आणि आई भिंतीला घोंगडीची वळकटी लावून जमिनीवर बसली होती. मान सारखी एका बाजूला कलत होती. आबा माझ्याशी बोलताना रडले. म्हणाले, "चार दिवस हात जोडतोय. ऐकत नाही. यमी येईल, ती कुठं बसेल, म्हणते." तोपर्यंत मी आबांना रडताना पाहिलं नव्हतं.

मी तिच्यापुढं बसले. तिचे पाय हातात घेतले, बोट लावलं की खड्डा पडत होता. म्हटलं, "आये, खुर्ची तुझी आहे. मी खोटं बोलले होते. बाईंसमोर मला तुझी लाज वाटली म्हणून बोलले." किती दिवसांनी मी तिला आये म्हणत होते. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. श्वास पुरत नव्हता, एकेक शब्द थांबून थांबून येत होता. "ठावं हाय मला. त्यात काय येवढं? पोरीची जात, शिकायचं व्हतं तुला." ती थांबली. "मला तरी कुटं येतं गं खुर्चीत बसाया."

मग मी तिचं ऐकलं नाही. मी एका बाजूनं आणि आबांनी दुसऱ्या बाजूनं धरून तिला उचललं. वजन राहिलंच नव्हतं. खुर्चीत बसवलं, मागं टेकवलं, पाय जमिनीवर ठेवले. थोड्या वेळानं तिचा श्वास जरा खाली बसला. डोळे मिटून ती पडून राहिली. आबा आपली खुर्ची ओढून, हो, ओढूनच, तिच्या शेजारी बसले आणि त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. मी चुलीवर पेज ठेवली. मला वाटलं, झालं, निस्तरलं आपण. माणूस किती लवकर स्वतःला माफ करायला निघतो.

तेवढ्यात पायरीवर बूट वाजले. डॉक्टर आले होते, हातात पेटी, डोक्यावर टोपी. आईनं डोळे उघडले. परका माणूस, शिकलेला, दारात उभा, हे तिनं पाहिलं आणि खुर्चीचे दोन्ही हात धरून ती उठायला लागली. उठण्याची ताकद नव्हती, तरी अंग पुढं ओढत होती, आणि डोक्यावर पदर घ्यायला एक हात धडपडत होता. आबा "अगं, अगं" म्हणत राहिले. डॉक्टर म्हणाले, "बसा बाई, बसा." तिनं त्यांचं ऐकलं नाही. आबांचंही ऐकलं नाही. मी धावत येऊन तिचे खांदे धरले, तेव्हा ती थांबली आणि मान वर करून तिनं माझ्याकडे बघितलं.

"बसू का गं?" तिनं मला विचारलं.

मी म्हटलं, "बस, आये."

मग ती बसली. डॉक्टरांनी नाडी बघितली, आबांना बाहेर नेऊन काहीतरी सांगितलं. त्यानंतर दोन दिवस, अगदी शेवटपर्यंत, आई त्या खुर्चीत होती, आणि प्रत्येक वेळी कुणी दारात आलं, शेजारीण आली, दूधवाला आला, की ती आधी माझ्याकडे बघायची. मी मान हलवली की मगच मागं टेकायची.